तोंडाने न घ्यायचा शब्द

कार्डावर तो शब्द आला की प्रोफेसर टेबलावर बोटाने दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "पुढे चल, पोरी." तुम्ही म्हणाल, असा कसला शब्द? 'अल्मिख्टी'. जुन्या स्कॉट्स भाषेत सर्वशक्तिमान देवाला असं म्हणत.

इथे ऑस्ट्रेलियात, मॉसन लेक्सला आमच्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, निवृत्तीनंतरही त्यांची खोली होती. हा शब्द कुठल्या मृत्युपत्रात, कुठल्या शपथेत, कुठल्या शिवीत आला, याची शेकडो कार्डं त्यांनी हाताने लिहिली होती. ती कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझं. प्रत्येक नोंद त्यांना स्वतः तपासायची होती आणि नजर तर जात चालली होती.

"लिहिलेलं चालतं, मग बोलायला काय होतं?" मी एकदा विचारलं.

"आजी सांगायची, उगाच हाक मारली तर तो येतो."

मी हसले नाही. आमच्या रत्नागिरीकडे सापालासुद्धा जनावर म्हणतात.

तरी मी नको तो शहाणपणा केलाच. त्यांना अक्षर दिसेनासं झालं तेव्हा कार्डं मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम बसवला आणि एका आर्वोला, म्हणजे दुपारी, त्यांना न विचारता सुरू केला. मशीनने तो शब्द धडाधड सात वेळा घेतला. म्हातारा पांढराफटक. "बंद कर," एवढंच म्हणाले. मी घाईघाईने प्लगच ओढला. ह्यांना इथेच काही झालं असतं तर?

मग मीच वाचू लागले, तो शब्द गाळून. "संपेल ना गं?" ते रोज विचारायचे. "नो वरीज," मी म्हणायचे. मनातून धास्तावलेली असायचे.

थंडीत त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. मी कार्डं घेऊन गेले.

"आज गाळू नकोस. पूर्ण वाच."

मी कार्ड जवळ घेतलं. हळूच वाचलं.

"चुकलं," ते म्हणाले. "तो 'ख' घशातून यायला हवा." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो शब्द स्वतः म्हणून दाखवला. लगेच माझं मनगट घट्ट धरलं आणि तोंड दाराकडे वळवलं. मीही तिकडे पाहिलं. दोघंही घाबरलो होतो.

दोन दिवसांनी ते गेले. राहिलेली अकरा कार्डं मी त्यांच्या खोलीत एकटीने वाचली, एकही शब्द न गाळता. दार मात्र उघडं ठेवलं होतं.