पंचवीस मिलिमीटर कोमट पाणी

नोलीन क्विल्टी रोज सकाळी नऊ वाजता परसात जाते आणि पाऊस मोजते. पडला असला तर मोजते, नसला तर शून्य लिहिते. सेहेचाळीस वर्षं झाली. हवामान खात्याने नळकांडं दिलं, काचेचं माप दिलं, वह्या दिल्या. पगार दिला नाही आणि तिने मागितलाही नाही. नवरा क्लॅरी गेला त्या दिवशी तिने आधी पाऊस लिहिला आणि मग डॉक्टरला फोन केला, असं गावात सांगतात. साफ खोटं आहे. फोन आधी केला होता. मी तिथेच होते.

मी ग्लेनिस. हार्पर्स लगूनचं पोस्ट मी चालवते, म्हणजे दुकानही मीच आणि पेट्रोलचा पंपही मीच. नोलीनच्या नि माझ्या परसात एक तारेचं कुंपण आहे, तेही निम्मं आडवं झालेलं. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. दोन वर्षांपासून ती म्हणते आहे, "कुणीतरी घ्या गं हे माझ्याकडून." पोस्टाच्या दारावर मी चिठ्ठीही लावली होती. उन्हाने तिची अक्षरं उडाली, माणूस काही आला नाही. आकडे सगळ्यांना हवेत, नऊच्या ठोक्याला चिखल तुडवायला कुणी नको.

आकडे सगळ्यात जास्त हवे असत दोघांना. एक तिचा धाकटा भाऊ लाएल. बहात्तर वर्षांचा, बापाच्या जमिनीवर मेंढ्या पाळतो. पृथ्वी तापते आहे हे त्याच्या मते शहरातल्या रिकामटेकड्यांचं खूळ. दुसरी मार्गो फेल, किनाऱ्यावरून आलेली निवृत्त शिक्षिका. ज्या सकाळी गवतावर दव गोठलेलं असे, त्या सकाळी नोलीन समासात पेन्सिलीने छोटी फुली मारायची. मार्गोने सगळ्या वह्यांतल्या फुल्या मोजल्या. सुरुवातीच्या वर्षांत साठ-पासष्ट, आता पस्तीसही नाहीत. त्याचा तिने तक्ता केला आणि माझ्या दुकानात लावला. लाएलने येऊन त्याला मिशा काढल्या. वही वाचायची कुणालाच नव्हती, तिच्यात आपलं म्हणणं शोधायचं होतं. मला दोघांचाही कंटाळा आला होता, आणि नोलीनला तर माझ्या आधीपासून.

"माझं काय म्हणणं आहे ते कुणी विचारतच नाही," ती एकदा म्हणाली.

"काय आहे तुझं म्हणणं?"

"गुडघे दुखतात."

आमच्या दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे ऐन हिवाळा, आणि त्याच्या शेवटच्या आठवड्यात ते हिम पडलं. आमच्या पठारावर दोन-चार वर्षांनी थोडं भुरभुरतं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत वितळतं. हे तसं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालं ते शनिवारी उजाडेपर्यंत थांबलं नाही. गुडघाभर साचलं. युकॅलिप्टसच्या फांद्या काडकाड मोडत होत्या, वीज गेली, आर्मिडेल शहराकडे जाणारा रस्ता बंद झाला. पावणेनऊला मी गॅसवर पाणी कोमट करून किटली घेऊन नोलीनकडे गेले. हिम मोजायचं म्हणजे ते आधी वितळवावं लागतं. मापाने पंचवीस मिलिमीटर कोमट पाणी घ्यायचं, नळकांड्यात ओतायचं, सगळं वितळलं की मोजायचं आणि आलेल्या आकड्यातून आपले पंचवीस वजा करायचे. विसरू नये म्हणून नोलीन समासात आधीच 'वजा २५' लिहून ठेवते.

त्या दिवशी तिची बोटं इतकी गारठली होती की माप मी धरलं. एकसष्ट पूर्णांक दोन भरलं. ती लिहीत होती तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. लाएल होता.

"नोली, मेंढ्या," एवढंच म्हणाला.

पेन्सिल वहीतच ठेवून आम्ही माझ्या पिकअपमधून निघालो.

नऊच दिवसांपूर्वी त्याने सहाशे चाळीस मेंढ्यांची लोकर उतरवली होती. त्यांच्या बापाचा नियम होता, हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांच्या कुंपणाला फूल आल्याशिवाय मेंढीच्या अंगावरचा कोट काढायचा नाही. म्हणजे सप्टेंबर तरी संपायला हवा. लाएलने सात वर्षांपूर्वी तो नियम मोडला आणि कातरणी जुलैमध्ये आणली. माझ्याच दुकानात चहा पिताना म्हणाला होता, "कातरणारे तेव्हा मोकळे असतात, आणि हिवाळा काय आता पूर्वीसारखा राहिला नाही, ग्लेनिस." आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याही आलं नाही.

उघड्या अंगाची मेंढी थंडीत वाऱ्याकडे पाठ करून चालत सुटते आणि कुंपणाशी थांबते. मागची तिच्यावर चढते, तिच्यामागची त्या दोघींवर. कुरणाच्या खालच्या कोपऱ्यात नुसता पांढरा उंचवटा दिसत होता. आम्ही फावड्यांनी उकरला, मग हातांनी. जिवंत निघाली तिला पोत्यात गुंडाळून शेडमध्ये न्यायची, मेलेली तिथेच बाजूला ठेवायची. संध्याकाळपर्यंत बाजूला दोनशे बारा झाल्या. लाएल दिवसभर एक शब्द बोलला नाही. निघताना त्याने नोलीनचे हात आपल्या हातात घेऊन चोळले, लहान मुलाचे चोळतात तसे, आणि मला तिकडे बघवेना.

सोमवारी मात्र तो रेडिओवर बोलला. आर्मिडेलहून कुणीतरी फोन केला होता.

"माझ्या बहिणीच्या वह्या आहेत. सेहेचाळीस वर्षांत एवढं हिम नाही पडलेलं! एकसष्ट! कुणाला कळणार होतं? आणि म्हणे पृथ्वी तापतेय. या की इकडे, दाखवतो किती तापलीय ते."

मला त्यातलं फक्त 'कुणाला कळणार होतं' एवढंच ऐकू आलं. गावाला बाकीचं ऐकू आलं. आठवडाभर पोस्टात तेच. मार्गो सांगायची की एका सकाळवरून काही ठरत नसतं. लोक म्हणायचे, बाई, तुमच्या तक्त्यावर थोडं बर्फ लावा, सूज उतरेल.

गुरुवारी नोलीन वही घेऊन माझ्या दुकानात आली आणि पिठाच्या पोत्यावर बसली.

"ग्लेनिस, त्या दिवशी मी कोमट पाणी वजा केलं होतं का गं?"

वही बघायची गरजच नव्हती. तरी बघितली. जुन्या प्रत्येक हिमाच्या पानावर समासात 'वजा २५' होतं. या पानावर समास कोरा. एकसष्ट नाहीच, छत्तीस पूर्णांक दोन. एकेचाळीस वर्षांपूर्वी चव्वेचाळीस पडलं होतं. म्हणजे हे काही सगळ्यात मोठं हिम नव्हतं.

"खात्याला कळवून टाक आणि गप्प बस," मी म्हटलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"खात्याला सकाळीच कळवलं."

"मग झालं तर."

"लाएलला कसं सांगू?" ती म्हणाली. "एकसष्ट असेल तर कुणाचीच चूक नाही. छत्तीस असेल तर..."

पुढचं मला कळलं. छत्तीस असेल तर असं हिम बापाच्या वेळीही पडलं होतं, नियम त्यासाठीच होता, आणि तो मोडणारा लाएल होता.

शुक्रवारी ती त्याला सांगायला गेली. तो यंत्राने खड्डा खणून मेंढ्या पुरत होता. हिला बघून यंत्र बंद केलं, थर्मासमधला चहा दिला, आणि म्हणाला, "तुझ्या वहीमुळे जरा झोप लागते बघ." ती चहा पिऊन परत आली.

रविवारी गावच्या हॉलमध्ये सूपचं जेवण होतं. दर हिवाळ्यात असतं, छपराच्या डागडुजीसाठी. मटणाचं सूप, भोपळ्याचं सूप, पाव. नोलीनने ठरवलं होतं की जेवणं झाली की लाएलला बाजूला घ्यायचं. पण लाएल सूपचा वाडगा हातात घेऊनच उठला.

"हॉलच्या भिंतीवर पुराची खूण आहे," तो म्हणाला. "तिच्याशेजारी या हिमाची पाटी लावू. लाकूड मी देतो. एकसष्ट मिलिमीटर, सगळ्यात मोठं. पुढच्या पोरांना कुणी तापमानवाढीच्या गोष्टी सांगायला लागलं, की त्यांनी पाटी दाखवावी."

टाळ्या पडल्या. मार्गो चमचा खाली ठेवून उठायला लागली, पण तिच्या आधी नोलीन उठली. टेबलाला धरून उठायला तिला वेळ लागला, म्हणून सगळे गप्प झाले.

"तो आकडा चुकलाय," ती म्हणाली. "मी वितळवायला घातलेलं पाणी वजा करायला विसरले. छत्तीस पूर्णांक दोन. सगळ्यात मोठं चव्वेचाळीस, क्लॅरी होता तेव्हाचं. चूक माझी आहे."

मार्गोच्या तोंडून निघून गेलं, "बघा! मी म्हणतच होते..."

"तू गप्प बस, मार्गो," नोलीन म्हणाली. "तुझ्यासाठी नाही दुरुस्त केला मी तो."

लाएल उभाच होता. त्याचा चेहरा मी पाहिला, आणि त्याला हिशेब कळला आहे हे मला कळलं. मिलिमीटरचा नाही, दुसरा.

"सेहेचाळीस वर्षांत आणखी किती वेळा विसरलीस?" तो म्हणाला. "घाल त्या वह्या चुलीत."

वाडगा ठेवून तो गेला. कुणीतरी हळूच म्हणालं, वय झालं बाईंचं. नोलीनने ते ऐकलं. ती बसली आणि सूप संपवलं, कारण या गावात सूप टाकत नाहीत. मला रडू येत होतं आणि राग लाएलचा यावा की मार्गोचा, ते कळत नव्हतं. शेवटी मी तो पाव कापायच्या सुरीवर काढला.

त्यानंतर दोन महिने भाऊ बहिणीकडे आला नाही. पत्रं घ्यायला पोस्टात यायचा, तेव्हा तिच्या घराकडे बघायचा नाही. गावातल्या काहींनी मला विचारलंही, वह्यांतलं बाकीचं तरी धरून चालायचं का? मार्गोने आपला तक्ता मुकाट्याने काढून नेला. नोलीन रोज नऊ वाजता बाहेर जायची, पण आता आकडा लिहून झाल्यावर पुन्हा नळकांड्यापर्यंत जायची, पुन्हा बघायची. एका माणसाची सगळी उमर एका सकाळवरून खोटी ठरते हे बघून मला जगाचा वीट आला. आणि तिला तर वीट येण्याइतकीही ताकद राहिली नव्हती. "या वर्षाअखेर बंद," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हॉथॉर्नला फूल आलं. त्या सकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात चहा घेत होते. मागच्या दाराशी बूट काढल्याचा आवाज आला आणि लाएल आत आला. टोपी हातात. वाळला होता. बसला नाही.

"नोली," तो म्हणाला, "चव्वेचाळीसच्या हिमाचं ते वर्ष. त्या वेळी बाबांच्या किती मेंढ्या गेल्या, लिहिलंयस का?"

ते पान मी पाहिलं होतं. नोलीनने ते विसरणं शक्यच नव्हतं. समासात 'वजा २५', आणि त्याखाली तिच्याच बारीक अक्षरात: 'बाबांच्या कळपातली एकही गेली नाही.'

नोलीनने कपातला बिनसाखरेचा चहा उगाच ढवळला.

"नाही रे," ती म्हणाली. "तेवढं नाही लिहिलं."

एका आकड्यासाठी भावाला गमावून बसलेली बाई धडधडीत खोटं बोलली, आणि मी जीभ दाताखाली धरून बसले.

लाएलने मान हलवली. "मी होतो ना तेव्हा," तो म्हणाला. "बाबांनी मोजायला मलाच पाठवलं होतं. दोनदा मोजल्या. एकही गेली नव्हती, नोली." मग खुर्ची ओढून बसला. "अंगावर लोकर होती त्यांच्या. मी काढून घेतली आणि..."

नोलीनने त्याचा हात धरला. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजायला पाच मिनिटं होती. ती टेबलाला धरून उठायला लागली.

"तू बस," लाएल म्हणाला. मोजे घातलेल्या पायांनीच तो परसात गेला. खिडकीतून दिसत होता. नळकांड्याचं नरसाळं काढून बराच वेळ आत डोकावत होता. परत आला तेव्हा मोजे ओले झाले होते.

"काही नाही," तो म्हणाला.

"नीट बघितलंस?"

"दोनदा बघितलं."

नोलीनने वही आणि पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. त्याने शून्य काढलं.