आईच्या पायाखालची ओल

त्या पावसाळ्यात आईच्या आजारापेक्षा आमच्या जुन्या गाडीचीच चर्चा घरात जास्त झाली. कॅन्सरबद्दल बोलायची कोणाची हिंमत नव्हती, गाडीबद्दल मात्र वाटेल ते बोलता येत होतं.

गाडी वडिलांनी घेतलेली. ते गेले, गाडी राहिली. केमोसाठी आईला कात्रजहून हॉस्पिटलात मी त्याच गाडीतून नेत असे. निघताना देवापुढचं एक फूल वायपरपाशी ठेवल्याशिवाय ती गाडीत बसत नसे. "झालं? आता देवालाच इन्शुरन्स भरायला सांग," असं मी दर वेळी म्हणायचो आणि ती दर वेळी दुर्लक्ष करायची.

श्रावणात पुढच्या सीटखाली, नेमकं तिच्या पायाशी, पाणी साचायला लागलं. मॅट पिळून वाळवावी, तर पुढच्या सरीला पुन्हा पचपच. पाण्याचं एक वेळ चाललं असतं, पण वास! ओल्या गोणपाटासारखा कुबट. केमोहून परतताना त्या वासाने तिला उमळून यायचं.

एका दुपारी ती म्हणाली, "मी आता येणार नाही. तुझ्या गाडीत बसवत नाही मला."

"टॅक्सीने जाऊ."

"आणि परक्याच्या गाडीत उलटी झाली म्हणजे? नको रे बाबा. पुरे झालं आता."

उपचार निम्म्यावर आले होते. ते 'पुरे झालं' नुसतं गाडीबद्दल नव्हतं.

गॅरेजवाल्याने काचेभोवती सिलिकॉन भरलं, दाराचं रबर बदललं आणि "आता समुद्रात घाला" म्हणाला. समुद्र लांबच, बिबवेवाडीतच पाणी आत आलं. पुन्हा गेलो तर म्हणे, "काका, गाडीचं वय बघा ना." त्या दिवसांत वयावरून कोणी काही बोललेलं मला खपत नव्हतं. मी त्याला नको नको ते बोललो आणि गाडी घेऊन घरी आलो.

रविवारी स्वतःच बसलो. बायको बाहेरून काचेवर पाणी ओतत होती आणि मी टॉर्च घेऊन सीटपुढच्या जागेत डोकं खुपसलं होतं. पाणी काचेतून येतच नव्हतं, डॅशबोर्डच्या मागून येत होतं. म्हणजे काचेखाली वायपरपाशी जी काळी जाळी असते, तिच्या आत ते तुंबत होतं. वायपर काढले, जाळी उचकटली. खालच्या खळग्यात पाणी बाहेर जायचं भोक होतं आणि त्यात एक बोळा बसला होता. पाला असेल म्हणून बोटाने ओढला.

फुलं होती. तगर, जास्वंद, झेंडूच्या पाकळ्या, सगळी काळी पडून एकमेकांना चिकटलेली. वाऱ्याने उडू नये म्हणून आई जाळीच्या तुटक्या कोपऱ्यात फूल नीट खोचून ठेवायची. एकही उडालं नव्हतं.

मी तो बोळा हातात धरून खाली फरशीवर बसलो. रडू आलं, राग आला, कोणाचा ते कळेना.

"आईंना यातलं काही सांगू नका हं," बायको म्हणाली.

वर गेल्यावर आईने विचारलं, "सापडलं?"

"पाला अडकला होता."

"तरी मी सांगत होते, झाडाखाली लावू नकोस. ऐकशील तर शपथ."

नवी जाळी बसवली, मॅट उन्हात घातली. वास गेला. "गाडी झाली ना बरी? मग चल," आई म्हणाली.

पुढच्या केमोच्या सकाळी जिना उतरतानाच तिला धाप लागली. गाडीपाशी आली, पण तिला पुढे वाकता येईना. फूल तिने माझ्या हातात दिलं.

"तूच ठेव आज. कोपऱ्यात हं, नाहीतर उडेल."

नव्या जाळीला तुटका कोपरा नव्हता. मी फूल वायपरच्या पात्याखाली दाबलं. ती आतून काचेतून बघत होती.

मला देवाचं काही कळत नाही. पण ते फूल उडालं तर काय, या विचाराने स्टिअरिंगवर माझे हात घामेजले. गाडी मी फार पळवलीच नाही. मार्केट यार्डाजवळ भुरभुर सुरू झाली. आई कोरड्या मॅटवर पाय ठेवून, डोळे मिटून बसली होती. काच थेंबांनी भरत गेली, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी डावीकडून, हळूहळू, डोळे ताणून चालवत राहिलो. वायपर लावला नाही.