आवार बघून कोंबडी देणारा माणूस

माझ्या थोरल्या भावाकडून कोंबडीची पिल्लं घेणं म्हणजे मुलगी मागायला जाण्यासारखं. आधी तो तुमचं घर बघणार. वारा कुठून येतो, पाणी कुठे साचतं, दुपारी सावली किती उरते, वर घार फिरते का. पटलं तर पिल्लं, नाहीतर "ही जात तुमच्याकडे जगायची नाही" असं सांगून मोकळा. सगळे त्याला तपासनीस म्हणतात आणि त्याला ते आवडतं.

तो उबवणीच्या खोलीत टॉर्चच्या उजेडात अंडी धरून बघत असतो आणि बाहेर गिऱ्हाईक ताटकळत असतं. ओढ्याकाठच्या एका बाईला पायांवर पिसं असलेल्या कोंबड्या हव्या होत्या. "तुम्ही चिखलात मोजे घालून फिरता का?" असं विचारून त्याने तिला परत पाठवलं. त्याचं बरोबरच होतं. त्याचं नेहमी बरोबरच असतं, हेच तर दुखणं आहे.

मी त्याची धाकटी बहीण. उतारावरच्या शेवटच्या घरात एकटी राहते. बेकरीला अंडी देते, त्यावर घर चालतं. नवरा गेल्यापासून दादाचं एकच पालुपद, "माझ्याकडे ये, मागची खोली रिकामी आहे." खोलीला लागून उबवणीची पेटी, आणि पेटीपेक्षा दादा जास्त घुमतो! मला माझ्याच घरात राहायचंय. अंडी थांबली की ते संपलं, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

साथीत माझ्या जुन्या कोंबड्या गेल्या तेव्हा मी त्याच्याकडे गेले. सख्खी बहीण असून सूट नाही. भर दुपारी येऊन तो माझ्या आवारातल्या दगडांवर चक्क आडवा झाला. का, तर कोंबडीला किती तापतं ते कळावं म्हणून. चहा गार झाला. शेवटी उठला आणि म्हणाला, "इथे हलक्या अंगाची, लांब पायांची तपकिरी जात. दुसरी टिकणार नाही."

टिकली बाई, चांगलीच टिकली! एक मेली नाही. उन्हाला भिईनात, घारीला दाद देईनात. संध्याकाळी खुराडं सोडून झाडाच्या शेंड्यावर, आणि अंडी उताराखालच्या काटेरी झुडपांत, रोज नव्या जागी. माझे गुडघे कधीचेच कामातून गेलेत. काठी टेकत, रांगत, अंग ओरबाडून घेत मी अंडी शोधायची. निम्मी सापडायची, त्यातली काही नासकी. बेकरीवाला म्हणाला, "ताई, असंच चाललं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

मी दादाला सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. "कोंबडी चुकलेली नाही," म्हणाला. जसा काही मी तिच्यावर चोरीचा आळ घेतला होता! "एवढं जड जातंय तर चल माझ्याकडे." मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यात गिऱ्हाइकांना आणून माझं आवार दाखवायची त्याला खोड. एकदा एका नवरा-बायकोला घेऊन आला. मी नेमकी झुडपांत घसरून पडले होते आणि काही केल्या उठता येईना. वर याच्या तोंडाचा पट्टा चालू. "बघा, कशी शेंड्यावर बसलीय! कुत्रं पोचणार नाही, मांजर पोचणार नाही."

"मीसुद्धा पोचत नाही, दादा!" मी खालून ओरडले. "आधी मला वर काढ, मग तिचं कौतुक कर!"

तिघांनी मिळून मला वर ओढलं. दादा माझ्या हातातले काटे काढू लागला. "रोज अशी उतरतेस?" त्याने विचारलं.

"रोज पडत नाही," मी म्हणाले. "उतरते रोज."

शेवटचा काटा काढून तो निघून गेला आणि बरेच दिवस फिरकलाच नाही. मी म्हटलं, रुसला. कोंबडीचा अपमान झाला ना!

मग एका सकाळी टेम्पो घेऊन हजर. जाळी, बांबू, गोणपाटं, आणि खोक्यांत लठ्ठ, पांढऱ्या, ढिम्म कोंबड्या. दोन पावलं चालल्या की बसणाऱ्या. या उतारावर त्याने जी जात कुणालाच कधी दिली नव्हती, तीच.

"अरे, उन्हाने मरतील या!" मी किंचाळले.

"मरतील. म्हणून वर सावली करायची, घारीसाठी जाळी लावायची. आणि दुपारी गोणपाटं भिजवायला मी येणार."

जाळी बांधायला खालच्या घरातला सुतार आला होता. त्याला दादाने हीच जात नाकारली होती. तो बरा सोडेल! "काय तपासनीस, आम्हाला हात लावू दिला नाहीत, आणि बहिणीला बरी दिलीत?"

दादाने तोंडातला खिळा काढला. "जागा बघितली होती," तो म्हणाला. "हिला बघितलंच नव्हतं."

मला रडू आलं, आणि सुतारासमोर रडवलं म्हणून दादाचा रागही आला.

आता कोंबड्या जाळीतल्या खोक्यांत अंडी घालतात आणि मी स्टुलावर बसून ती काढते. बेकरीवाल्याची कुरकुर थांबली. दादाचं डोकं मात्र आणखीच फिरलंय. आवार बघून झालं की तो गिऱ्हाइकाला खाली बसून उठायला लावतो! लोक तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. मी काय करू?

ऊन चढलं की हा येतो. गोणपाटं भिजवतो, कोंबड्यांना आळशी म्हणून शिव्या घालतो, माझ्या चहाला नावं ठेवतो. नुसता वैताग. काल जाताना दाराशी थांबला आणि कडी हलवून बघत बसला.

"ही सैल झालीय," म्हणाला. "उद्या चांगली जाड आणतो. तुला इथे अजून बरीच वर्षं काढायचीत."