वरच्या खोलीची भाडेकरू

खोली रिकामी असली तरी ताई दार वाजवायच्या. बोटाच्या पेरांनी दोनदा, हलकेच. मग जरा थांबायच्या आणि कुलपाला चावी लावायच्या. माझ्याबरोबर काम करणाऱ्या पिंकीला हसू आवरायचं नाही. "दीदी, अंदर से किसी ने कह दिया, आ जाओ, तो?"

"तर चप्पल काढून जायचं," ताई म्हणायच्या.

भाड्याच्या खोल्या दाखवणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. भराभर बोलतात आणि ओल आलेल्या भिंतीला पाठ लावून उभी राहतात. ताई तशा नव्हत्या. बनारसच्या घाटांच्या वरच्या गल्ल्यांतली बरीच जुनी घरं आमच्या ऑफिसकडे होती. मालक दूरच्या शहरांत, घरं आमच्या ताब्यात. खोली दाखवायची, भाडेकरू ठेवायचा, तो गेला की खोली पुन्हा तयार करायची. हे काम करणाऱ्या आम्हा पाच-सहा जणांच्या वर ताई होत्या, आणि नवीन माणसाला शिकवायच्याही त्याच.

मी तिथे झाडू-पोछ्याला लागले होते. एक दिवस त्या म्हणाल्या, "कुंदा, उद्यापासून तू खोल्या दाखव." मी म्हटलं, "ताई, माझी चौथीच झालीय. आणि मला चार माणसांत बोलता येत नाही."

"बोलणारे पुष्कळ आहेत गं. तू दार उघड आणि बाजूला हो."

हाच त्यांचा पहिला धडा होता. दाखवणाऱ्याने आधी आत शिरायचं नाही. ज्याला राहायचं आहे त्याला आधी जाऊ द्यायचं, आपण उंबऱ्याबाहेर थांबायचं. दुसरा धडा असा, की जागेवर कुणाला हो म्हणायचं नाही. "ऑफिसला विचारून सांगतो," एवढंच म्हणायचं. "एकदा दिली म्हटलं की खोली आपली राहिली नाही," असं त्या पुन्हा पुन्हा बजावायच्या.

मंगळवारी दुपारी एखाद्या रिकाम्या खोलीत आमची शिकवणी असायची. ताई भाडेकरू व्हायच्या आणि आम्ही त्यांना खोली दाखवायची. हे बघायला तुम्ही असायला हवं होतं. त्या रेल्वेतले बाबू झाल्या की प्रत्येक भिंतीवर टिचक्या मारत फिरायच्या. बँकेतल्या साहेबाची बायको झाल्या की न्हाणीघराच्या दारातूनच नाकाला पदर लावायच्या आणि विचारायच्या, "इथे आधी कोण राहत होतं? म्हणजे, आपल्यातलंच ना?" आम्ही पोट धरून हसायचो. मी मात्र नुसतं दार उघडून बाजूला व्हायची. मला त्यांनी कधी बोलायला लावलं नाही.

पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीतलं एक घर आमच्याकडे नवीन आलं. त्याची सगळ्यात वरची खोली कितीतरी वर्षं बंद होती. मी ती धुतली, पुसली. एक खाट, एक कोनाडा, आणि खिडकीतून खाली घाटाच्या पायऱ्या. खोलीत वाईट असं काहीच नव्हतं. फक्त धुतलेली फरशी पंखा लावूनही वाळत नव्हती.

त्या मंगळवारी तिथेच शिकवणी ठरली. ताई म्हणाल्या, "आज मी बँकेवाली." त्या जिन्यावर गेल्या आणि दार वाजवलं. मी उघडून बाजूला झाले. आत आल्या त्या भिंतीला हात लावत, पाठीत वाकून. खाटेपाशी थांबून दम घेतला.

"गंगा दिसते इथून," त्या म्हणाल्या. "बरं झालं. मला काही फार दिवस लागायची नाही ही खोली."

आवाज म्हातारा होता. आम्ही बनारसचे मराठी, आमच्या एका वाक्यात दोन शब्द हिंदी असतात. त्या बोलण्यात एकही नव्हता. पिंकी पटकन म्हणाली, "ऑफिसला विचारून सांगतो, आजी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काशीत मरायला म्हणून खोली घेणारी म्हातारी माणसं आम्हाला काही नवीन नव्हती. ताईंनी हुबेहूब केली होती.

जिना उतरताना ताईंनी विचारलं, "काय, कशी जमली बँकेवाली?"

पिंकीला वाटलं, मस्करी करतायत.

पुढच्या वेळी त्या रेल्वेचे बाबू होणार होत्या. दार वाजलं, मी उघडलं, आणि पुन्हा तीच वाकलेली पाठ. या वेळी ती खाटेवर बसली. गादीवरून हात फिरवला. "मागे आले तेव्हा विचारून सांगते म्हणालीस ना गं पोरी?"

घरी जाताना मी ताईंना गाठलं आणि हिंमत करून म्हटलं, "तिथे नको शिकवणी. तिथे तुम्ही दुसऱ्याच होता."

"अगं, भाडेकरू बनायचं म्हणजे दुसरंच व्हायचं ना? टिचक्या मारून मारून माझी बोटं दुखतायत बघ," त्या हसून म्हणाल्या. त्यांनी एकही टिचकी मारली नव्हती.

तिसऱ्या खेपेला पिंकीला मावसबहिणीच्या मेंदीला जायची घाई होती. ती सारखी मोबाईल बघत होती. म्हातारीने तिचं मनगट धरलं. "एकदाचं हो म्हण, नाहीतर नाही म्हण. वाट बघवत नाही आता."

"हाँ आजी, दिली! दिली खोली, तुमचीच झाली. आता सोडा ना हात!"

"आलेच हो मी," म्हातारी म्हणाली. तिने हात सोडला, खाटेवर पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

आम्ही हसत थांबलो. मग नुसतेच थांबलो. पिंकी म्हणाली, "दीदी, बस झालं आता. उठा."

"दीदी कोण?" म्हातारीने विचारलं.

पिंकी रडायला लागली.

त्या दिवसापासून ताई खाली उतरल्या नाहीत. ऑफिसच्या साहेबांनी सांगितलं, थकल्या असतील, राहू दे. जबलपूरहून त्यांचे भाऊ आले. ताईंनी त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "आपण कुणाकडे आलात?" डॉक्टर आले. नाडी बघितली, रक्तदाब बघितला, सगळं ठीक आहे म्हणाले. पिंकी हात जोडून म्हणाली, "आजी, गलती झाली, खोली परत द्या." त्यावर नुसतं उत्तर आलं, "दिलेली?"

मी रोज पोळी-भाजी घेऊन जायची. आधी त्या एक पोळी खायच्या, मग अर्धी. मग ताट सरकवून फक्त गंगेचं पाणी मागायला लागल्या. ताईंचं वय काही म्हातारपणाचं नव्हतं. धडधाकट बाई, पण खाटेवर आता नुसती साडी दिसायची. म्हातारी कशासाठी आली होती ते तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि तिच्याबरोबर ताईही जाणार, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

आम्ही सगळे जण तिथे म्हातारीलाच भेटायला जात होतो. आजी आजी करून तिलाच विनवत होतो. ताईंशी कुणी बोलतच नव्हतं. हे मनात आलं तेव्हा मी ताट खाली ठेवलं, जिन्यावर गेले आणि दार ओढून घेतलं. मग वाजवलं.

जरा थांबले. मी दार ढकललं आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. "खोली बघायला आलेय," मी म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं नाही.

"खोली बघायला आलेय. एकटी आहे. इथे नोकरी लागलीय."

खाटेवरची मान माझ्याकडे वळली. डोळे कितीतरी वेळ माझ्यावर होते. मग कपाळाला एक आठी पडली. ती आठी मला ओळखीची होती.

"जोर से," त्या म्हणाल्या. "भाडेकरू कधी असा पुटपुटतो का? शरमायला काय झालं, कुंदा?"

मी ओरडलेच. "मला खोली बघायचीय!"

ताई उठल्या. पाठ सरळ होती. भिंतीला न धरता त्या दारापर्यंत आल्या, उंबरा ओलांडून बाहेर आल्या आणि बाजूला झाल्या. "आधी तुम्ही जा. आराम से बघा. घाई नाही."

आता दाखवणाऱ्या त्या होत्या आणि भाडेकरू मी, म्हणजे आत मला जायचं होतं. मी गेले नसते तर त्या पुन्हा आत शिरल्या असत्या. मी गेले. फरशी ओलीच होती.

मागे जिन्यावर त्यांचा आवाज आला, "ही पिंकी कुठे गेली? चहा नाही का कुणाकडे?" आणि त्या एकेक पायरी उतरत गेल्या.

भाऊ त्यांना त्याच संध्याकाळच्या गाडीने घेऊन गेले. त्या आता जबलपूरला असतात. पिंकी फोन करते तेव्हा तब्येत बरी आहे म्हणतात, तिच्या लग्नाचं विचारतात. ऑफिसचं काही विचारत नाहीत. शिकवणी आता दुसरे एक साहेब घेतात, कागद वाचून. मी अजून खोल्या दाखवते, पण त्या गल्लीत जात नाही.

ताईंना मी शेवटचं बघितलं ते त्या वरच्या खोलीच्या खिडकीतून. घाटाच्या वरच्या पायरीवर उन्हात त्या उभ्या होत्या, पायांत चप्पल नव्हती, दोन्ही हातांत चहाचा कुल्हड. चहावाला काहीतरी म्हणाला आणि त्या हसल्या. फुंकर घालून घोट घेतला, मग दुसरा. माझ्या पाठीमागे खाट वाजली, दमलेलं माणूस बसल्यावर वाजते तशी. मी वळले नाही. ताईंचा चहा संपेपर्यंत मी खालीच बघत राहिले.