गुळाची माफ घट

मॅट्रिक पास झालो तेव्हा आमच्या निरवांगी गावात लोक मला वाट देऊन उभे राहात. एवढं शिकलेला माणूस आता करणार तरी काय, असा त्यांना प्रश्न पडला होता आणि खरं सांगायचं तर मलाही. वर्षभर उसाला पाणी देत विचार केल्यावर उत्तर मिळालं. बारामतीच्या पेठेत शेतकऱ्यांचा एक संघ होता, त्याच्या गुळाच्या गोदामावर मी साठा कारकून झालो. दारात टेबल टाकून बसायचं, आत आलेली आणि बाहेर गेलेली प्रत्येक ढेप वहीत चढवायची आणि मधल्या वेळात अंगावरचे मुंगळे झटकायचे. पगार महिना पंचेचाळीस रुपये. नांगर धरणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात, माझ्या हाताला गूळ चिकटे, एवढी विद्येने प्रगती झाली होती.

मी हंगामी होतो. दर अकरा महिन्यांनी मला एक दिवस कामावरून कमी करत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा म्हणून घेत. त्या एका दिवसात माझी मागची सगळी नोकरी धुऊन निघे. असा मी तीन वर्षांत तीनदा नवा झालो. मुंगळ्यांना मात्र कोणी कमी करत नसे. त्या गोदामात कायम असे तेच होते.

कायम होणं ही काही नुसती हौस नव्हती. कायम झालं की महागाई भत्ता, वर्षाला वाढ, पुढेमागे हेड कारकुनाची खुर्ची. शिवाय बावड्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगी बघून झाली होती, मला आवडलीही होती. मुलीच्या वडिलांनी चहा पिता पिता विचारलं, की जावई हंगामी आहेत का कायम, आणि माझं उत्तर ऐकून दिवाळीनंतर बोलू म्हणाले.

दिवाळीच्या आधी साठ्याची तपासणी असे. एक जागा कायम व्हायची होती आणि दावेदार दोघं, मी आणि शेजारच्या पेंडीच्या गोदामावरचा कारकून. मॅनेजरसाहेबांनी आम्हा दोघांना उभं करून सांगितलं, की गोदामात घट निघाली तर कायमचं नाव काढू नका. शेजारी मान डोलावून निघून गेला. मी ते शब्द प्रसादासारखे घरी घेऊन गेलो.

आता गूळ ही वस्तू पावसाळ्यात पाघळते. ढेपांखाली पाचट घाला, वर पोती टाका, ती आपली घाम गाळत राहते आणि वजन उतरतं. संघाला काय, मुंगळ्यांनाही हे ठाऊक होतं, म्हणून मणामागे काही घट माफ धरलेली असे. पण माफीची सोय अडाण्यांसाठी, आपण मॅट्रिक, असा माझा समज. मी गुपचूप वजन केलं. घट होती, बहुतेक सगळी माफीत बसणारी. तरी मला झोप येईना.

वडिलांना, म्हणजे आबांना, सांगितलं. त्यांनी घरचा गूळ ठेवला होता, त्यांच्या हातचा, पिवळाधमक, गुऱ्हाळात रात्र रात्र काहिलीपाशी बसून उतरवलेला. घट घरच्या गुळाने भरून काढू, पण ढेपा मोजलेल्या असतात, अख्खी ढेप वाढली तर लगेच दिसेल, फुटक्या मालाचा ढीग मात्र वजनावरच असतो, असं मी समजावलं. त्यांनी स्वतःच्या हाताने चांगल्या गोल ढेपा दगडावर आपटून फोडल्या. मी बघत होतो आणि मला हुशारीचं कौतुक वाटत होतं, माझ्याच.

बाजारच्या दिवशी आबांनी गाडी जुंपून पोती आणली. गोदामाच्या दारावर पहारेकरी असे, पण त्याचं काम बाहेर जाणारा माल अडवायचं. आत फुकट माल आणून टाकणारा मूर्ख संघाला माहीत नव्हता, म्हणून त्यासाठी नियम नव्हता.

तपासणी झाली. माझा साठा शेरापर्यंत जुळला. तपासनीस चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा काटा लावायला सांगितला. पुन्हा जुळला. मग ते मॅनेजरसाहेबांना म्हणाले, "पावसाळा काढूनही ज्याचा गूळ घटत नाही, त्याचा काटा तरी खोटा असतो, नाहीतर वही. या माणसावर लक्ष ठेवा."

शेजाऱ्याच्या पेंडीत घट निघाली होती. बरोबर माफीएवढी, दरवर्षी निघायची तशी. तो कायम झाला. माझ्यावर लक्ष ठेवण्यात आलं, म्हणजे मी आणखी एक वर्ष हंगामी राहिलो. बावड्याकडून निरोप आला, की घाई नाही.

आबा बारामतीला आले तेव्हा मी सगळं सांगितलं. शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी थोडा वेळ काटा बघितला आणि विचारलं, "मग आपला गूळ माघारी मिळंल का?"

मिळणार नव्हता. आत आल्याचा कागद नव्हता, तर बाहेर नेण्याचा पास कुठला. मी त्यांना हे कायद्याच्या भाषेत समजावून सांगितलं. लाज वाटली म्हणजे मी अशी भाषा वापरायचो.

पुढच्या वर्षी मी शहाणा झालो. पावसाळा बरा गेला, घट कमी निघाली. मी माफीएवढी पूर्ण लिहिली आणि त्यामुळे जादा उरलेला फुटका गूळ दोन पोत्यांत भरला. पहारेकऱ्याने पोती उचलायला हात लावला, कारण लिहिलेली घट सगळ्यांनाच कळते. तपासनीसांनी वहीवर सही करताना, आता तुम्हाला काम समजलं, असं म्हटलं. मी कायम झालो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला मिळालेली शाबासकी तीच.

पोती घेऊन मी निरवांगीला गेलो. तुमचा गूळ माघारी आणला, असं म्हणालो. आबांनी एक खडा जिभेवर ठेवला. "ह्यो आपला न्हाय," ते म्हणाले. मी म्हटलं, वजन तेवढंच आहे. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "कायम झालास न्हवं?"

मी होय म्हणालो.

"बरं झालं. बावड्याला कळीव."

मग त्यांनी दोन्ही पोती उचलली, गोठ्यात नेली आणि सगळा गूळ बैलांपुढे ओतला. बैलांनी खाल्ला. आबांनी चाखला तो सोडून त्यातला एक खडाही आमच्या घरात कोणी तोंडात घातला नाही, माझ्या लग्नासाठीसुद्धा राखला नाही.