सासूबाईंचं दिवसाचं पाणी

सासूबाईंच्या हृदयाची ताकद कमी झाली आहे, असं सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांच्याजवळ मी होते. पायांना सूज, चार पावलं चालल्या की धाप. आठ दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "चहा, दूध, ताक सगळं धरून दिवसाला एक लिटर. आणि रोज सकाळी वजन करायचं."

मी सांगलीतल्या एका लॅबमध्ये काम करते. मिलिलिटरचा हिशोब माझ्या बोटांना सवयीचा. हे काम आपलंच, असं मला वाटलं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, मी घरातली थोरली सून, तरी सासूबाईंचं माणूस म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती वडूजजवळच्या गावात त्यांच्यासोबत राहते, शेत आणि शेरडं बघते. मी सणावाराला येणारी पाहुणी.

पंधरा दिवस मी त्यांना माझ्याकडेच ठेवून घेतलं. रेघांचा प्लास्टिकचा जग आणला, वजनकाटा आणला, वही आखली.

"दोनशे मिली झालं, आई. आता चार वाजता."

"दोनशे मिली म्हंजी किती गं?"

"एक पेला."

"कुठला पेला?"

मी जगावरची रेघ दाखवायचे. त्या तिकडे बघायच्याही नाहीत. उमेदीची वर्षं त्यांनी मेंढरांमागं हिंडून काढलेली. "कोसकोस पानी मिळायचं न्हाई तवा मी भागवलं," त्या म्हणायच्या. "आन आता घरात नळ आसून तू मला रेघा दावतीस."

मी कामाला गेले की त्या बाथरूमच्या नळाला ओंजळ लावतात, हे दुपारी त्यांच्याजवळ येऊन बसणाऱ्या शेजारणीनं सांगितलं. वजन दोन किलोनं चढलं होतं. मी बोलले, जरा जास्तच बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. "मला गावाकडं धाड," एवढंच म्हणाल्या.

पंधरवड्यानं मी गावी गेले, ती जाऊबाईनं काय घोळ घातला असेल ते बघायलाच. सासूबाई सोप्यात बसलेल्या. पायाचे घोटे दिसत होते, चेहऱ्यावरची सूजही उतरली होती. मी त्यांच्यासोबत धाडलेल्या काट्यावर उभं केलं तर वजन तीन किलोनं कमी. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र काटा पुन्हा शून्यावर आणून त्यांना परत उभं केलं.

त्यांच्याशेजारी पितळी तांब्या झाकून ठेवला होता. दिवसाचं सगळं पाणी सकाळीच त्यात भरायचं, ही जावेची रीत. कपभर चहा प्यायचा असेल तर सासूबाई आधी तांब्यातलं कपभर पाणी कोंबड्यांच्या भांड्यात ओतायच्या. ताक घेतलं तरी तसंच. तांब्या रिकामा झाला की दिवस संपला.

"माझं पानी मी राखतीया," त्या मला म्हणाल्या. आवाजात मिरवणं होतं. माझ्याकडे पंधरा दिवसांत तो आवाज एकदाही ऐकला नव्हता.

हा तांब्या लिटरपेक्षा मोठा असणार, याची मला खात्री होती. असावा, अशी इच्छाही होती. दुपारी सासूबाई आडव्या झाल्यावर मी तसलाच दुसरा तांब्या चुलीजवळून उचलला, काठोकाठ भरला आणि माझ्यासोबत आणलेल्या जगात ओतायला लागले. मागून जाऊ आली.

"त्यो सव्वा लिटरचा हाय, आक्का," ती म्हणाली. "आत्तीचा लिटरचाच हाय. डेअरीतल्या मापानं मोजून आणलाय."

मी जग खाली ठेवला. ती चूल सारवायला बसली. तिनं काही विचारलं असतं तर मी काहीतरी उत्तर तरी दिलं असतं.

पुढच्या तपासणीला सासूबाई आणि जाऊ दोघी सांगलीला आल्या. डॉक्टरांनी पाय दाबून बघितले, वजनं बघितली आणि खूश झाले. "मोजमाप कोण बघतं?"

"मी," मी म्हणाले.

जाऊ माझ्या शेजारीच उभी होती. सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्या औषधाच्या पट्ट्या पिशवीत भरत होत्या.

"मग एक काम करा," डॉक्टर म्हणाले. "बाहेर कुंडलच्या बाई बसल्यात. त्यांच्या सासऱ्यांना हेच झालंय. त्यांना जरा समजावून सांगा."

बाहेर बाकावर ती बाई सासऱ्यांची फाइल घेऊन बसली होती. मी तिला लिटरभर मापाच्या तांब्याचं सांगितलं, चहाचंही सांगितलं.

"आन भाकरीसंगटचं कोरड्यास पातळ आसलं तर?" तिनं विचारलं. "आन जिभंला कोरड पडली म्हंजी मामंजी घर डोक्यावर घेत्यात, त्याला काय करायचं?"

मी दाराकडं पाहिलं आणि जावेला हाक मारली.

ती येऊन बाईच्या पायाशी उकिडवी बसली. "कोरड्यास घट्टच करायचं. जीभ सुकली की चूळ भरून थुकायला लावायचं, लिंबाची फोड चोखायला द्यायची. आन पानी त्यास्नी सोताच्या हातानं वतू द्या. तुमी वतलं की भांडत्याल."

बाईनं माझ्याकडं पाठ केली आणि तिच्याशी बोलत राहिली. मी हातात सासूबाईंची फाइल धरून उभी होते.

एसटी स्टँडवर सासूबाई बाकावर पेंगत होत्या. मी जावेला म्हणाले, "मघाशी डॉक्टरांना मी 'मी' म्हणाले."

"ऐकलं की."

"राग आला?"

"आला," ती म्हणाली. "पन आत्तीम्होरं कशाला बोलायचं." मग गाडी लागली आणि ती सासूबाईंना उठवायला गेली.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि पुढच्या गोळ्या लिहायला लागले. महिनाभर मनात घोळवलेली गोष्ट एका शब्दात आटोपली. जाऊ मात्र माझ्याकडं बघून थोडी हसली.

दिवाळीत गावी गेले तेव्हा सासूबाईंनी मला जवळ बसवलं, लॅबमधलं काम कसं चाललंय ते विचारलं. मी सांगत होते, तेवढ्यात जाऊ शेतातून आली. सासूबाईंची मान तिकडं वळली आणि माझं बोलणं अर्ध्यावर राहिलं. शेरडांवरून दोघींचं बराच वेळ चाललं. मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण एवढं बोलूनही सासूबाईंना धाप लागत नव्हती, हेही मी तिथंच बसून बघत होते.