चौथं रोप

जर्मनीत हायडेलबर्गला आमच्या लॅबमध्ये एक चेरोकी मुलगी शिकते, अमेरिकेतल्या मूळ लोकांपैकी. वसंतात काम संपलं की आम्ही दोघी टेकडीवर रानलसणाची पानं खुडायला जातो. मी दमलेली असते, हाताला येईल ते ओरबाडते. ती तीन रोपं सोडून चौथ्याला पुटपुटत विचारते, मगच खुडते. तिच्या लोकांची ही रीत तिला ऑनलाइन वर्गात कळली, हे ती लपवत नाही.

काल अंधारताना चौथ्या रोपाशी वाकून तिने विचारलं, "तुमच्यात काय करतात?"

"दिवेलागण झाली की झाडाला हात लावायचा नाही. झाडं झोपतात, आई म्हणायची."

तिने हात मागे घेतला, अजून रिकाम्याच असलेल्या पिशवीची घडी केली.

"मग सकाळी येऊ."

माझी पिशवी गच्च भरली होती.